मासे मेले तो आश्विन

ही हकिगत सांगायचं मी अठरा-वीस वर्षं टाळत आलो आहे. घरात मासे पाळण्याचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला आत जातो. "तुमच्याकडं पूर्वी माशांची पेटी होती ना हो?" असं कुणी विचारलं तर "होती की" म्हणतो आणि पावसाबद्दल, ऊसतोडीबद्दल बोलू लागतो. आता सत्तरी आली. ज्यांना हे सांगायचं होतं त्या ऐकायला उरल्या नाहीत. निदान कागदावर तरी खरं उतरावं म्हणून बसलो आहे.

आज सकाळपासून गल्लीभर धुण्याचे आवाज आहेत. घट बसायला चार दिवस उरले की कोल्हापुरातली घरं आतली बाहेर होतात. गच्च्यांवर गोधड्या, कठड्यांवर सतरंज्या, जिन्यावर उशांचे अभ्रे. घरातली एक बादली म्हणून मोकळी सापडत नाही, सगळ्यांत साबणाचं पाणी. पाऊस नुकताच गेलेला असतो आणि त्याच्या मागून हे पिवळं, जाड ऊन येतं. त्यात वाळणाऱ्या कापडांचा वास असतो, झेंडूचा असतो. आणि समोरच्या पायरीवर बसून कुणीतरी तांब्याची भांडी घासत असतं. चिंचेचा कोळ आणि मीठ. हाताखालून काळसर तांबं हळूहळू जागं होतं, आधी गुलाबी, मग लाल, मग इतकं लख्ख की बघणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडतो. तो आंबट वास नाकात शिरला की मी इथं राहत नाही. मी आमच्या पुढच्या खोलीत असतो, दुपारचे साडेतीन झालेले असतात, आणि छतावर पाण्याची जाळी हलत असते.

दोन फुटांची काचेची पेटी होती ती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायचं, पाण्यात मोडायचं आणि तिथून छतावर जायचं. हवेचा पंप बारीक गुरगुरत असायचा, मांजर मांडीवर बसल्यासारखा. मी तेव्हा एका हायस्कुलात क्लार्क होतो. दुपारी घरी आलो की चपला काढायच्या आधी पेटीसमोर बसायचो. मोठी लेक लग्न होऊन कबनूरला गेली होती, मुलगा पुण्याला होता, घर रिकामं झालं होतं. त्या रिकाम्या घरात ते मासे कुठलीही घाई नसल्यासारखे इकडून तिकडं जायचे. मी मूळचा शाहूवाडीकडचा. लहानपणी श्रावणात भाताच्या खाचरांत बोटाएवढे मासे यायचे. आम्ही पंचा धरून उभे राहायचो, पायाखाली ऊन-ऊन चिखल, आणि पंचात पाच-सहा चांदीच्या काड्या तडफडायच्या. बघून झालं की आक्का सोडून द्यायला लावायची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच मला वाढवलं. खाचरातल्या त्या माशांचंच काहीतरी पन्नाशीत पुन्हा उगवलं असणार, नाहीतर आमच्या घराण्यात कुणी मासे विकत आणून त्यांना जेवायला घालतं का?

वरच्या मजल्यावर कांबळे नवरा-बायको भाड्यानं राहत होते. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला, सकाळी सातच्या बसनं जायचे. बाई एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करायच्या. वय तिशीच्या पुढे, बारीक अंगाच्या, बोलायला सडेतोड. घरात बुद्धाची तसबीर होती, तिच्यासमोर रोज ताजं फूल. घर देताना मी त्यांची जात विचारली नव्हती. हे मी चारचौघांत सांगत असे. न विचारण्याचंसुद्धा मला कौतुक हवं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

दुपारी ड्यूटी संपवून त्या जिन्याकडं न जाता आधी आमच्याकडं यायच्या. डब्याची पिशवी दाराशी, हात धुवायला मोरीत, आणि मग थेट पेटीपाशी.

"काका, हा काळा मासा अगदी माझ्या सासऱ्यांसारखा बघतोय. स्वतःचं जेवण झालं तरी दुसऱ्याच्या ताटाकडं डोळा."

"आणि ती एंजल?"

"ती बाईसाहेब. तिला आपण पाहुणे वाटतो. आलाय तर बसा, म्हणते."

हसायच्या तेव्हा खोली भरायची. पेटीतली वेल सुटून वर आली की त्या बाही कोपराच्या वर सारून हात आत घालायच्या आणि ती परत खड्यांत रोवायच्या. हात पाण्यात गेला की मोठा दिसायचा, जरा हिरवा, बाकीच्या माणसापासून तुटून वेगळाच तरंगत असल्यासारखा. गप्पी त्याच्याभोवती फिरायचे. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं मिळून पेटीतलं थोडं पाणी बदलायचो. मी नळीनं जुनं काढायचो, त्या स्टीलच्या तांब्यानं नवं घालायच्या, माशांना धक्का लागू नये म्हणून तळहातावर धार घेऊन. माझी बायको सुलोचना चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "पोरांना अंघोळ अशी कधी घातली नाहीत हो." असे रविवार किती झाले असतील? दीड वर्षाचे. मागं वळून बघतो तेव्हा मात्र तो एकच लांब रविवार वाटतो, त्याला काठच नाहीत.

त्या वर्षी घट बसायच्या आधीच्या रविवारी पाणी बदललं आणि सोमवारी सकाळी तीन गप्पी वर तरंगताना दिसले. पोट वर, रंग गेलेला. बाकीचे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते.

मी शाहूपुरीतल्या मासेवाल्याकडं गेलो. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"पावणं, पाणी नळाचं थेट घालताय का?"

"न्हाय. रात्रभर उघडं ठेवतो, मग घालतो. तुम्हीच सांगितलंय की."

"मग त्यातलं औषध उडून जातंय. हे उनानं व्हत असंल. पाणी जरा जास्त बदला."

आम्ही पाणी जास्त बदललं. बुधवारी बदललं, गुरुवारी दोन काळ्या मोली गेल्या. परत बदललं, आणखी गप्पी गेले. मेलेले मासे मी मागच्या पेरूच्या झाडाखाली पुरायचो. एवढ्याशा जिवाला खड्डा तरी केवढा लागतो, खुरप्याचा एक घाव. उन्हात उभा राहून मी तो एक घाव घालायचो आणि पंपाची गुरगुर तिथपर्यंत ऐकू यायची.

कांबळेबाईंनी एक वही आणली. कुठल्या दिवशी काय केलं, कोण गेलं, हे त्यात लिहायला लागल्या.

"काका, तुम्ही खाणं कमी केलंत, खिडकीला कागद लावलात, पंपाचा बुडबुड्यांचा दगडही बदललात. सगळं एकदम. आता उद्या मासे जगले तर कळणार कसं, की कशानं जगले?"

"जगल्याशी कारण."

"तसं नसतं. आमच्या लॅबात नवीन माणसाला पहिल्यांदा हेच शिकवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं होतं तसं ठेवायचं."

मग आम्ही तसं करू लागलो. आधी खाण्याचं बघितलं. मग उन्हाचं. मग पंपाचं. दरवेळी पाणी बदलत होतो, कारण पाणी चांगलंच, त्याबद्दल शंका घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं. घट बसून तीन माळा झाल्या होत्या. आक्का साफसफाईपासूनच गावाहून आली होती, दरवर्षी नवरात्रासाठी यायची. तिच्या हाताखाली घर चकाकत होतं. ती पहाटे उठून माळ्यावरून काढलेला मोठा हंडा चिंचेनं घासायची. सुलोचनेच्या माहेरून आलेला हंडा होता तो. बादल्या धुण्यात अडकल्या होत्या, म्हणून त्या आश्विनात मी माशांचं पाणी त्या हंड्यात भरून ठेवत होतो. मला त्याचं बरंही वाटायचं. देवाचे दिवस, तांब्याचं पाणी, माशांनाही मिळतंय.

चौथ्या माळेच्या दुपारी कांबळेबाई वही उघडून बसल्या होत्या. बोट एका ओळीवर ठेवून त्यांनी विचारलं, "काका, पाणी रात्रभर कशात ठेवता?"

"हंड्यात."

"तांब्याच्या?"

"मग कशाच्या? बादल्या कुठं मोकळ्या हाईत."

"पण आधी बादलीत ठेवायचा ना? मासे मरायला लागले त्याच्या आदल्या दिवसापासून हंडा आलाय." त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. "एकदा बादलीतलं घालून बघूया. एवढीच एक गोष्ट राहिलीय."

आक्का देवापाशी झेंडू ओवत बसली होती. तिथूनच तिचा आवाज आला. "आमच्या हंड्यालाच नावं ठेवती व्हय गं?"

"नावं नाही ठेवत आक्का. बघूया म्हटलं."

"आमी जल्मभर तांब्यातलं प्यालोय. आमी मेलो का?"

"तुम्ही मासा आहात का, आक्का?"

सुलोचनेला हसू आलं. मलाही आलं असतं, पण आक्काचा चेहरा बघून मी गिळलं. बाई वर गेल्यावर आक्कानं सुई थांबवली.

"बाळू, तुला एक सांगू का? रोज येती आन् कोपरापातुर हात घालती त्या पाण्यात. मासं मरंल न्हाय तर काय हुईल?"

"आक्का, त्यांचा काय संबंध?"

"दवाखान्यात कशा-कशाला हात लावती ती, द्येव जाणं. ती औषधं, ते रगत. मी दुसरं काय म्हणत न्हाय." ती परत ओवायला लागली. "म्हणायचं कशाला? तुला कळतंय की."

मला कळत होतं. एका वाक्यात तिनं मला दोन कारणं दिली होती. एक उजेडात ठेवता येण्यासारखं, दुसरं पदराआडचं. मी पहिलं उचललं आणि दुसरं त्याच्यासोबत आपोआप आलं.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब गेल्या, म्हणजे ती एंजल. रुंद, पातळ, चंद्रकोरीसारखी, ती आडवी होऊन खड्यांवर पडली होती आणि पंपाच्या बुडबुड्यांनी तिचा एक पंख हलत होता, जिवंत असल्यासारखा. तिला मी पुरलं आणि मन फार कडू झालं. कुणावर तरी ते ओतायचं होतं.

कांबळेबाई साडेतीनला आल्या. हात धुऊन पेटीपाशी गेल्या, बाही वर केली. एक वेल सुटून वर आली होती. खोलीत मी, सुलोचना आणि आक्का. मी खुर्चीत बसूनच म्हणालो, "कांबळेबाई, उद्यापासून तुम्ही पाण्यात हात घालू नका."

त्यांचा हात पाण्याच्या वर थांबला.

"साबणाचं म्हणताय का काका? मी नुसत्या पाण्यानं धुते. दोनदा."

मी खुर्चीच्या हाताकडं बघितलं.

"का आणखी कशाचं म्हणताय?"

पंप चालू होता. आक्काची सुई एका फुलातून दुसऱ्या फुलात जात होती. छतावर ती उजेडाची जाळी हलत होती, नेहमीसारखी सुंदर. मी माशांकडं बघत राहिलो. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. 'नाही हो, साबणाचंच म्हणतोय,' एवढं खोटं बोललो असतो तरी त्यांचा मान राहिला असता. मला तेवढंही जमलं नाही. त्यांनी बाही खाली घेतली, मनगटाशी नीट दुमडली, "बरं," म्हणाल्या आणि वर गेल्या. वही पेटीवरच राहिली.

सुलोचना म्हणाली, "बरं नाही केलंत."

आणि मग मासे मरायचे थांबले.

हेच फार वाईट झालं. सणाच्या गडबडीत चार दिवस पाणी बदलायचं राहिलं, दसरा झाला, हंडा पुसून माळ्यावर गेला, बादल्या मोकळ्या झाल्या. मी पुन्हा बादलीतलं पाणी घालू लागलो आणि उरलेले आठ मासे तरतरीत झाले. घरात बदललेली गोष्ट मात्र सगळ्यांना एकच दिसली. आक्का गावी जाताना एसटीत बसता बसता म्हणाली, "बघ. म्हटलं न्हवतं?" आणि खरं सांगायचं तर मलाही हलकं वाटलं. माझा शब्द खरा ठरला होता.

दिवाळीच्या आधी कांबळे मंडळी कागलला राहायला गेली. त्यांना नोकरीला जवळ पडेल, असं ते म्हणाले. निघताना बाई सुलोचनेला भेटायला आल्या. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. पेपराच्या कडेवरून मला त्या दिसल्या. पेटीपासून दोन हात लांब उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागं बांधून. प्रदर्शनात काचेवर 'हात लावू नये' लिहिलेलं असतं तिथं माणसं उभी राहतात तशा. त्यांनी मासे मोजले.

"आठ राहिले. छान आहेत," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढं आमच्या नातेवाइकांत त्याची गंमत झाली. कुणाकडं दूध नासलं, विरजण बिघडलं, की "कांबळीण येऊन गेली का?" म्हणायचे. आक्कानं गावभर ती गोष्ट केली होती. मी हसायचो. मोठ्यानं नाही, पण हसायचो.

वर्षानं पुन्हा हेच ऊन आलं. पुन्हा गोधड्या, पुन्हा अडकलेल्या बादल्या, पुन्हा माळ्यावरून उतरलेला हंडा. मी नवे मासे आणले होते. आक्का आली, तिनं हंडा घासला, मी रात्री पाणी भरलं आणि रविवारी सकाळी बदललं. दुसऱ्या दिवशी पाच मासे मेले.

आक्का म्हणाली, "ऊन लई पडलंय औंदा. उनानं मेली असतील."

मी तिच्याकडं बघत राहिलो. तसेच मासे, तसंच मरण, आणि या वर्षी कारण ऊन.

माळ्यावरच्या रद्दीत बाईंची वही होती, मी ती फेकली नव्हती. ती काढली. बारीक, सरळ अक्षर. शेवटच्या पानावर तारखेपुढं लिहिलं होतं, 'पाणी – हंडा', आणि त्याच्याखाली, 'बादली – बघायचं आहे'. पुढं पान कोरं.

मी दोन काचेच्या बरण्या घेतल्या, लोणच्याच्या. धुऊन गच्चीवर सावलीत ठेवल्या. एकीत रात्रभर हंड्यात राहिलेलं पाणी, दुसरीत रात्रभर बादलीत राहिलेलं. नळ तोच, ऊन तेच, सावली तीच. प्रत्येकीत एक गप्पी सोडला आणि पाट टाकून समोर बसलो. आजूबाजूच्या गच्च्यांवर गोधड्या वाळत होत्या, लांब जोतिबाचा डोंगर निळा दिसत होता, कबुतरं घुमत होती. इतकी शांत दुपार मला दुसरी आठवत नाही. दोन बरण्यांत दोन नारिंगी ठिपके फिरत होते. झोप यावी असं ते फिरणं. उन्हं कलली तेव्हा हंड्याच्या बरणीतला वर आला, तोंड उघडू लागला, तिरका झाला. दुसऱ्या बरणीतला शेपटी हलवत काचेपर्यंत आला आणि माझ्याकडं बघून वळला.

चिंचेनं उघडं पडलेलं तांबं रात्रभर पाण्यात उतरत होतं. आपल्याला ते सोसतं, त्या एवढ्याशा जिवांना विष होतं. हे नंतर मासेवाल्यानंही सांगितलं, कपाळावर हात मारून. "तांब्यात ठेवत हुता? आधी बोलायचं न्हाई व्हय!" मी आधी बोललो नव्हतो, कारण त्यात बोलण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. ज्यांना वाटलं होतं त्यांना मी जिन्यानं वर घालवून दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी बरण्या रिकाम्या केल्या, जगलेला गप्पी पेटीत सोडला आणि खाली येऊन म्हणालो, "हंडा गळतोय. माळ्यावर टाकून दे." आक्का घरात होती. तिला सांगता आलं असतं. नात्यातल्या हसणाऱ्यांना सांगता आलं असतं. कागल इथून वीस किलोमीटर. मी कुणालाच काही सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पेटी एका ओळखीच्याला देऊन टाकली. छत पांढरं झालं, स्थिर झालं.

पेटी गेली तरी दुपारी डोळा लागला की ती येते. खोलीत गळ्यापर्यंत पाणी असतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नसतं. सुलोचना त्यातून चहा घेऊन येते. झेंडूची फुलं तरंगत असतात. कांबळेबाई जिन्यावरून खाली उतरतात, एकेक पायरी पाण्यात, आणि मला काहीतरी विचारतात. ओठ हलतात, बुडबुडे वर जातात, शब्द ऐकू येत नाहीत. मला उत्तर ठाऊक असतं. मी तोंड उघडतो आणि जागा होतो.

चार-पाच वर्षांपूर्वी मी कागलला गेलो. खास त्याच कामासाठी. आक्का वारली होती, आता अडवणारं कुणी नव्हतं. म्हणजे तोपर्यंत मी आक्कालाच अडसर समजत होतो. बसमध्ये वाक्यं जुळवत गेलो. पहिलं वाक्य, दुसरं, मग थोडं थांबायचं. घर सापडलं. त्यांनीच दार उघडलं, केस पांढरे झाले होते.

"अगं बाई, काका! या की आत. सुलोचनाकाकू नाही आल्या?"

पुढच्या खोलीत पेटी होती. माझ्या पेटीच्या दुप्पट. त्यांनी मला बसवलं, आणि बोलता बोलता बाही वर सारली, हात पाण्यात घातला. मासे लांबून धावत आले. त्यांच्या बोटांना टोचू लागले, मनगटाशी घुटमळू लागले. "लाडावलेत," त्या म्हणाल्या. "हात दिसला की खाणं समजतात. यातला हा मोठा सात वर्षांचा आहे." हिरव्या पाण्यात तो हात आणि त्याच्याभोवती ते सगळे. मी बघत राहिलो. मला वाटलं, आता बोलायचं. याहून सोपं कधीच होणार नाही.

आणि त्यांनीच विचारलं. हात पुसता पुसता, अगदी सहज.

"काका, तुमच्या माशांचं पुढं काय झालं? कळलं का कधी, कशानं मरत होते ते?"

त्यांनी दार उघडून धरलं होतं. नुसतं आत जायचं होतं.

"न्हाय," मी म्हणालो. "शेवटपर्यंत कळलंच न्हाय."

त्या माझ्याकडं क्षणभर बघत होत्या. लॅबमध्ये ज्यांची हयात गेली, त्यांना तांब्याचं ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. मग त्या म्हणाल्या, "असं होतं कधी कधी," आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा चांगला होता. मी उसाच्या दराबद्दल बोललो. बसस्टँडपर्यंत कांबळे सोडायला आले.

पुन्हा जाईन म्हटलं होतं. दिवाळीनंतर, मग मे महिन्यात, मग पाऊस उघडल्यावर. गेल्या मार्गशीर्षात कांबळ्यांचा फोन आला. सुलोचनेनं घेतला. बाई आठ दिवसांच्या आजारानं गेल्या होत्या.

काल मी सुलोचनेला सगळं सांगितलं. हंडा, बरण्या, कागल. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक आहे," म्हणाली. "हंडा गळतोय म्हणालात, त्याच संध्याकाळी मी तो भरून ठेवला होता. सकाळपर्यंत थेंब गळला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. आज बोलताय, कुणाशी? माझ्याशी. माझं काय वाकडं केलं होतंत?"

म्हणून हे आता ज्यांचं त्यांना.

बाई, पाणी मी बिघडवलं होतं. तुम्ही हंड्यावर बोट ठेवलंत तेव्हा तुमचं बरोबर होतं, आणि ते मला वर्षानं, तुमच्याच रीतीनं कळलं. कळल्यावर मी ते लपवलं, आणि तुमच्या नावानं लोक हसत राहिले त्यात मीही हसलो. कागलला तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. पण त्याच्याही आधीचा तुमचा एक प्रश्न उरला आहे. साबणाचं म्हणताय, का आणखी कशाचं, असं तुम्ही मला विचारलं होतं. साबणाचं नव्हतं, बाई. औषधांचंही नव्हतं. तुम्हाला वाटलं तेच होतं. ते माझ्या मनात होतं, आक्कानं नुसतं त्याला जागं केलं. मला माफ करा.